किल्ली खिशात, आवाज तारेत

आधी त्या बाईंचं सांगतो, मग काय झालं ते. वाशीमच्या टेलिफोन ऑफिसात त्या ट्रंक बोर्डावर बसत, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देत. ऑफिसातले लोक त्यांना बाई म्हणायचे, मी ताई म्हणायचो. नाव लिहीत नाही. लिहिलं तर म्हणतील, "काहून रे, मले जाहिरातीत घालून राह्यला का?" माझी रोजी त्यांनी वाचवली, आणि रोजीच्याही आधी माझी मान. लोकांचं बोलणं चोरून ऐकतो आणि बाहेर विकतो, असा शिक्का माझ्यावर बसत होता, तो त्यांनी बसू दिला नाही. आणि तरी, ज्या सकाळी त्यांनी हे केलं त्याच सकाळी बसमध्ये लोंबकळत मी मनात म्हणत होतो की ही बाई मला पकडून द्यायलाच बोलावते आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला तालुका होता. मी मालवणच्या खालच्या अंगाचा, समुद्राकाठचा. आठवीत शाळा सोडली आणि टेलिफोनचे खांब उभे करणाऱ्या टोळीत लागलो. खांब रोवत रोवत टोळी घाटावर आली, पुढे वऱ्हाडात आली. मग टोळी पुढे गेली आणि मी मागे राहिलो, कारण आसेगावच्या अंगाच्या एका गावात मशीनच्या खोलीवर रोजंदारीचा माणूस हवा होता, आणि मला मीटरवरचे इंग्रजी आकडे वाचता येत होते. कायम होशील, असं टोळीचा मुकादम जाताना म्हणाला होता. त्या एका शब्दावर मी तिथे राहिलो. घरी वडिलांना दम्यामुळे होडीवर जाता येत नव्हतं.

खोली लहान. दोन उंच लोखंडी रॅक, कोपऱ्यात बॅटऱ्या, ॲसिडचा वास, आणि दाराला एक जाड कुलूप. किल्ली एकच, ती माझ्याकडे. वाशीमहून खांबांवरून तारांची एक जोडी या खोलीत येत होती आणि त्या एकाच जोडीवरून एका वेळी तीन वेगळी बोलणी जात. या यंत्राला कॅरिअर म्हणत आणि त्या तीन वाटांना चॅनेल. एका तारेवर तिघं बोलतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत हे कसं, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची. विचारलं की समोरच्याला कळतं, याला येत नाही.

माझं मुख्य काम लूप देण्याचं. हातभर दोरी, दोन्ही टोकांना पितळी प्लग. वाशीमहून आलेला आवाज रॅकच्या ज्या भोकातून बाहेर पडतो तिथे एक प्लग, आणि इथून वाशीमला जाणारा आवाज ज्या भोकात शिरतो तिथे दुसरा. झालं. वाशीमचा मेकॅनिक तारेत एक सरळ, बारीक शिटी सोडायचा. ती कोसभर, कोसभर करत माझ्यापर्यंत यायची, माझ्या दोरीतून वळसा घ्यायची आणि त्याच्याकडे परत जायची. पाठवली किती, परत आली किती, हे तो मीटरवर बघायचा. शिटी परत आली म्हणजे जायची वाट चांगली आणि यायचीही चांगली. आता हे सगळं डिजिटल झालं, मशीनच बटण दाबल्यावर स्वतःला लूप देतं. तेव्हा माझ्यासारखा माणूस लागायचा.

मेकॅनिकशी बोलायला एक वेगळी लाईन होती. तिच्यावर सकाळी पहिली हाक ठरलेली.

"अबे कोकण्या, उठला का मासे पकडून राह्यला?"

"उठलो साहेब."

"दे लूप. पहिल्याले."

माणूस वाईट नव्हता. पण कामात शब्द वाया घालवायचा नाही, आणि चेष्टा मात्र पोटभर. मला त्याच्या प्रत्येक चेष्टेत काहीतरी खोच वाटायची. लांबच्या मुलखात असं होतं. हसणारा माणूस आपल्याला हसतो आहे असंच वाटत राहतं.

मेकॅनिक जेवायला किंवा चहाला गेला की ती लाईन ट्रंक बोर्डावर ताईंकडे यायची. त्या विचारायच्या, "जेवला का रे?" मी हो म्हणायचो, जेवलो नसलो तरी. मग त्या माझ्या गावाबद्दल विचारायच्या. घरी कोण कोण हाये? समुद्र घरापासून किती दूर? भरतीचं पाणी दारात येते का? रात्री त्याचा आवाज येते का? मी एक दोन शब्दांत उत्तरं द्यायचो. मनात म्हणायचो, या बाईला माझ्या घराचा पत्ता कशाला हवा? टोळीत मुकादमाने शिकवलं होतं की ऑफिसचा माणूस गोड बोलला की खिसा दाबून धरायचा. शिवाय मला कोणीतरी सांगितलं होतं की बाई आणि मेकॅनिक एकाच टेबलावर डबा खातात. म्हणजे मी इकडे बोललेलं तिकडे पोचणार.

आणि मग ती तक्रार आली.

वाशीमला एक शेटजी होते, जैन, तूर-हरभऱ्याचे मोठे व्यापारी. त्यांचा आडत्या आमच्या गावात. रोज सकाळी ते त्याला फोन करून भाव सांगत. त्या दिवसांत त्यांचा भाव बाजारात त्यांच्याआधी पोचायला लागला होता. त्यांनी बोलायच्या आत दुसरा व्यापारी पावलीने वर बोलायचा. त्यातच त्यांना फोनवर विचित्र अनुभव यायला लागला. रोज नाही, मधूनच. फोन जोडला जायचा, शेटजी हॅलो म्हणायचे, आणि आडत्याच्या जागी दुसराच कोणी हॅलो म्हणायचा. हे भाव बोलायला लागले की तोही तोच भाव बोलायचा, शब्दाला शब्द. शेटजी शिव्या द्यायचे, तर तोही शिव्या द्यायचा. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, असं त्यांनी तक्रारीत सांगितलं. कोणी म्हातारा तारेत बसून माझे भाव घोकून घेतो.

तारेत कोण बसणार? तारेच्या टोकाला खोली, खोलीत मी. चॅनेल रिकामं आहे की नाही हे बघायला मला कानाला लावायचा फोन दिलेला होताच. ऐकू येणारच. एखादं वाक्य कानावर पडायचं, मी लगेच प्लग काढायचो. पण काढला हे कोणी बघितलं?

इंजिनीयर साहेब जीपने आले. खोली बघितली, माझं अंथरूण झटकून बघितलं. "इथे आणखी कोण राहतं? कोणी म्हातारा?"

"कोणी नाही साहेब. मी एकटाच."

"आवाज बदलून बोलता येतं तुला?"

याचं उत्तर काय द्यावं मला कळेना. नाही म्हटलं तर खोटं वाटेल असं वाटलं, आणि मी गप्प राहिलो. साहेबांनी माझ्या गप्प राहण्याकडे नीट बघितलं.

वाशीमला परत जाऊन त्यांनी मेकॅनिककडून तिन्ही चॅनेल तपासून घेतली. लाईनवर मी, हातात दोरी. पहिलं चॅनेल झालं. मेकॅनिक म्हणाला, "आता मधल्याले दे." मधल्या चॅनेलचं भोक नेहमी अडायचं. मी प्लग दाबत होतो, जात नव्हता. थांबा साहेब म्हणणार, तेवढ्यात मेकॅनिकच म्हणाला, "आला. एकदम झकास. जेवढा सोडला तेवढा वापस. काढ."

प्लग माझ्या हातात होता.

मी तसाच उभा राहिलो. लूप दिलाच नाही, तर शिटी परत कशी गेली? माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती हीच, की हा मला फसवतो आहे. मी न दिलेला लूप मिळाला म्हणतो, मी हो म्हटलं की साहेबांना सांगणार, बघा, पोरगा खोटं बोलतो. माझ्या तोंडून नुसतं "हं" निघालं. तिसरं चॅनेल झालं. त्यानंतर मेकॅनिक कोणाशी तरी बोलला, बहुतेक साहेबांशीच, आणि लाईन उघडी होती म्हणून मला ऐकू आलं.

"मशीन चांगली हाये सायेब. मधलं चॅनेल तं सगळ्यात भारी. आता मानूसच पाहा लागते."

त्यानंतर गावात माझं चालणं अवघड झालं. छोट्या गावात बातमीला तार लागत नाही. चहाच्या टपरीवर मी बाकावर बसलो की बाकावरचं बोलणं थांबायचं. एक जण रोज विचारायचा, "काय टेलिफोनवाले, आज तुरीचा भाव काय निंगाला?" आणि सगळे हसायचे. खोलीमालकाने सांगितलं, पुढल्या महिन्यात भाचा यायचा आहे, जागा लागेल. भाचा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटायला लागलं की यांच्यातलाच कोणीतरी तारेत बोलतो आणि माझं नाव पुढे करतो. मी संध्याकाळी खांबांखालून लांबवर चालत जायचो, तारांना कुठे काही बांधलं आहे का बघत. लोक म्हणायचे, बघा, तारा चाचपून राह्यला.

साहेबांनी चौकशीचा दिवस ठरवला. वाशीमला शेटजींना बोलावून त्यांच्यासमोर निकाल द्यायचा. माझं नाव हजेरीपटावरून कमी होणार, हे नक्की. पोलिसात द्यायचं की नाही एवढंच बाकी होतं. मी घरच्यांना पत्र लिहायला बसलो, आणि नोकरी गेली असं लिहायचं की आजारी आहे असं, हेच ठरेना.

चौकशीच्या दोन दिवस आधी दुपारी लाईन वाजली. ताई.

"जेवला का रे?"

आणि माझा बांध फुटला. संशय होता त्यांच्यावर, मेकॅनिकला सांगतील हेही माहीत होतं, तरी बोललो. ताई, मी काही केलं नाही. मी ऐकत नाही. त्या दिवशी तर मी लूपही दिला नव्हता, प्लग अडला होता, तरी मेकॅनिकसाहेब म्हणाले शिटी परत आली. ते मला अडकवत आहेत.

त्या म्हणाल्या, "पुन्हा सांग. कोनत्या चॅनेलले?"

"मधल्या."

"प्लग हातात होता?"

"हातात."

"आन शिटी पूरी वापस गेली? काहीच कमी नाई?"

"जेवढी सोडली तेवढी, म्हणाले."

"एवढ्या लांबून कोनतीच गोष्ट पूरी वापस येत नाई रे," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज बदलला, "बरं, ठेवते," आणि लाईन बंद. मागे मेकॅनिकचा खोकला मला ऐकू आला होता. झालं, मी म्हटलं. आता डबा खाताना दोघं बोलतील.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तो अगदी दबक्या आवाजात.

"ऐक. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं वाशीमले येजो. खोलीले कुलूप लावजो, आन किल्ली खिशात घालजो. कोनाच्या हातात देऊ नोको. येऊन राह्यला हे तिथं बी कोनाले सांगू नोको, अठी बी कोनाले माईत नाई."

"पण ताई, खोली सोडून गेलो तर..."

"तं काय?"

"सरळ काढतील."

"नाई आला तं काय ठेवनार हायेत? येजो."

रात्रभर मी किल्ली हातात धरून पडलो होतो. खोली बंद करून न सांगता निघून जाणं, याच्याइतका मोठा गुन्हा आमच्या कामात नव्हता. उद्या बोर्डावरून कोणी खोलीचा नंबर लावला आणि उचलला नाही, की चौकशीची गरजच उरणार नाही. चोर पळाला, सगळं आपोआप सिद्ध. आणि हे करायला सांगणारी कोण? मेकॅनिकच्या टेबलावर डबा खाणारी. सकाळी कुलूप लावताना मी दोनदा मागे फिरलो. शेवटी निघालो ते शहाणपणाने नव्हे. त्या मुलखात मी जेवलो का हे विचारणारं दुसरं माणूस नव्हतं, म्हणून निघालो.

पोहरादेवीची जत्रा आटोपून परतणाऱ्या माणसांनी गाडी गच्च भरलेली. कंडक्टर दार लावून घेत होता. मी पायरीवर एक पाय टेकवला आणि आतल्या एका बाईने माझी कॉलर धरून मला वर ओढलं. "चाल, एक मानूस बसते अजून," म्हणाली आणि प्रसादाचा खडीसाखरेचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला नाही, खिशात टाकला. इतका मी बिघडलो होतो.

वाशीमला ऑफिसच्या मागच्या दाराशी ताई उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. फोनवरचा आवाज उंच बाईचा वाटायचा. या बुटक्या, सावळ्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या. मला बोर्डाच्या खोलीला लागून असलेल्या अडगळीत बसवलं. तिथे भिंतीला टेकून मी ऐकत राहिलो. शेटजी आले. साहेब आले. मेकॅनिक म्हणाला, "त्या पोराले फोन लावू का सायेब, तिकडं हाये का नाई पाहतो."



"आधी शेटजीले ऐकू द्या," ताई म्हणाल्या. "शेटजी, हा घ्या फोन. मी मधल्या चॅनेलवर लावून देते. तुमचा म्हातारा तिथंच भेटते ना तुमाले?"

"कधी भेटते, कधी नाई."

"मधल्यावर भेटते. बोला."

शेटजी ट्रंकवर बोलायच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "हॅलो!" आणि फोनपासून मागे सरकले. "आला. आला साला. सायेब, तुमी ऐका. हाच तो."

"नीट ऐका," ताई म्हणाल्या. "हाच ना?"

"अरे हाच! बोलून राह्यला ना आत्ता! पकडा त्याले!"

तेव्हा ताईंनी अडगळीचं दार उघडलं. "पकडते. ये रे बाहेर."

मी बाहेर आलो. कोणालाच काही कळेना. साहेब म्हणाले, "हा कोण?" त्यांनी मला जीपने येऊन बघितलं होतं, पण इथे मी असेन हे डोक्यातच नव्हतं. मेकॅनिक ओळखून म्हणाला, "अबे, तू अठी? मंग तठी कोन हाये?"

"किल्ली दाखव," ताई म्हणाल्या.

मी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती टेबलावर वाजली.

"खोलीले कुलूप, किल्ली अठी, पोरगा अठी," ताई म्हणाल्या. "आता शेटजी, पुन्हा बोला बरं."

शेटजींनी माझ्याकडे बघत बघत फोन कानाला लावला. "हॅलो," या वेळी हळू म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "बोलते," ते म्हणाले. "बाई, हा तं भूत हाये."

"भूत नाई. खोका."

"काय?"

"खोका तुमी. तुमचा तो सकाळचा खोकला असते ना, तसा."

शेटजी खोकले. फोन कानाला तसाच. मग पुन्हा खोकले.

"तुमीच हाये शेटजी," ताई म्हणाल्या. "तुमचाच आवाज वापस येऊन राह्यला."

"माहा आवाज असा कुठं हाये?" ते म्हणाले. खरंच होतं त्यांचं. आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे त्या काळी कोणाला माहीत असायचं? टेपरेकॉर्डर गावात एखाद्याकडे. शेटजींनी जन्मात स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. ते फोन हातात धरून खुर्चीत बसले आणि अगदी हळू म्हणाले, "हा तं माह्या बापूजीचा आवाज हाये. ते जाऊन किती वर्सं झाले. असेच खोकत."

मेकॅनिक उठला आणि रॅकच्या मागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या तळव्यावर तारेचा वीतभर तुकडा होता, दोन्ही टोकं सोललेली.

"माहीच," तो साहेबांना म्हणाला. "दुरुस्तीच्या टायमाले आपलीच बाजू पाहासाठी अठीच लूप मारला होता. काढायचा राहून गेला."

म्हणजे असं. लांबच्या टोकाला लूप मागण्याआधी आपल्याच टोकाला एक लूप देऊन आपलं मशीन बघायचं, ही त्याची पद्धत, चांगलीच पद्धत. तो तुकडा मधल्या चॅनेलला तसाच राहिला. तेव्हापासून मधल्या चॅनेलवर बोलणारा माणूस वाशीमच्या बाहेर जातच नव्हता. रॅकच्या मागे वळून स्वतःकडेच येत होता. बोर्डावरून घंटी दिली तरी तीच घंटी परत येऊन दिवा लागायचा, आणि वाटायचं पलीकडून उचललं. शिटी झकास येत होती कारण तिने प्रवासच केला नव्हता. सगळ्यात निर्दोष चॅनेल तेच, कारण ते कुठे पोचतच नव्हतं. आणि सगळे बोट दाखवत होते ते तारेच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे मी होतो.

"पन माहा भाव?" शेटजी भानावर आले. "भाव कसा फुटून राह्यला होता मंग?"

ताईंनी चष्मा काढून पुसला. "शेटजी, राग नोका मानू. तुमी ट्रंकवर बोलता तवा रस्त्यावरचा पानवाला तूर इकत घेते. तुमाले टेलिफोन लागते कायले?"

साहेबांना हसू आवरेना. शेटजीही हसले, पण उशिराने. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, मी तुले लय शिव्या देल्ल्या." मग थोडं थांबून, "मी मलेच देल्ल्या म्हना." दारापर्यंत जाऊन परत आले आणि मेकॅनिकला विचारलं, तो तुकडा आणखी थोडा वेळ लावता येतो का. मेकॅनिकने साहेबांकडे बघितलं. साहेब दुसरीकडे बघू लागले. मेकॅनिकने तुकडा लावला. शेटजी कोपऱ्यात बसून फोनमध्ये हळूहळू काहीतरी बोलत राहिले. आम्ही ऐकलं नाही. त्या खोलीत त्या दिवशी कोणीही ऐकलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

किल्ली माझ्या हातात परत देत साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या गाडीने परत जा. आणि पुन्हा न सांगता कुलूप लावलंस तर बघ." त्या रागावण्याइतकं गोड मला काही लागलं नव्हतं. म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत मी होतो तर.

गाडीला वेळ होता. ताईंनी डबा उघडून अर्धी भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. मी विचारलं, "ताई, तुम्ही साहेबांना सरळ का नाही सांगितलं? तार काढून टाकली असती, संपलं असतं."

"काय संपलं असतं?" त्या म्हणाल्या. "तार काढली असती, आवाज बंद झाला असता. मंग सगळे काय म्हनले असते? चोर भेला, बंद झाला. तार निंगाली असती, तुयावरचा सौंशय नसता निंगाला. तो जल्मभर चिकटते." भाकरीचा तुकडा मोडत त्या पुढे म्हणाल्या, "मले कोनी शिकवा नाई लागत. माह्या बापानं बाबासाहेबांच्या मागं दीक्षा घेतली, मले शिकवलं. ह्या ऑफिसात मी आली तवा माठापाशी गेली का सगळ्यायचं बोलनं बंद व्हये. कोनी काही म्हने नाई. नुसतं पाहत. त्या पाहन्याले काय उत्तर देशीन?"

चहाच्या टपरीवरचा बाक मला आठवला. माझा बाक एका तारेच्या तुकड्याने सुटला होता. त्यांचा कशाने सुटला, की सुटलाच नाही, हे विचारायचं माझ्यात धाडस नव्हतं.

"आणि मी आलो नसतो तर?" एवढंच विचारलं.

"तं माही फजिती झाली असती. चौकशीले आलेल्या शेटजीले बोर्डाच्या खोलीत बसवलं, हे कोनत्या कायद्यात बसते? मीच आटपली असती." मग हसल्या. "तुले वाटलं असन, बाई फसवून राह्यली."

मी खाली बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"मग ते माझ्या गावचं सगळं कशाला विचारायचात?" मी म्हटलं. "समुद्र किती लांब, पाणी दारात येतं का?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "अरे, मी समुद्र पाह्यला नाई ना! इतके फोन जोडते, मुंबईचे, रत्नागिरीचे. वारं सुटलं का तारा घोंघावतात, तो घों घों आवाज कानात येते. म्हनून इचारे तुले, समुद्राचा आवाज असाच असते का?"

असाच असतो का, हे मी त्या दिवशीही नीट सांगू शकलो नाही. थोडा तसाच, म्हणालो, पण मधे मधे थांबतो. गाडीत बसल्यावर खिशात खडीसाखरेचा खडा सापडला, वितळून किल्लीला चिकटलेला. तो मी खाल्ला.

पुढे मी कायम झालो. खूप ठिकाणी बदल्या झाल्या, खूप मशीनं बदलली. नव्या मशीनवर लूपचा दिवा लागला की अजूनही मी आधी विचारतो, लूप कुठल्या टोकाला आहे? सवय लागली ती लागली. कोणावर बोट दाखवायच्या आधी एकदा आपल्या रॅकच्या मागे बघून येतो.

ताई वाशीमलाच असतात. गुडघे दुखतात, नजर कमी झाली आहे, कान मात्र शाबूत. मी फोन केला की अजून पहिलं हेच विचारतात, जेवला का रे. आता मी खरं सांगतो. ज्या वर्षी मी परत गावी घर बांधलं त्या वर्षी त्यांना या म्हटलं होतं, त्यांच्या घरचं आजारपण निघालं. नंतर माझंच काही ना काही राहून गेलं. पण आता मी ठरवलं आहे, आणि इथे लिहून ठेवतो आहे म्हणजे मागे फिरता येणार नाही. एकदा मी स्वतः वाशीमला येईन, त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवीन, आणि माझ्या दारापर्यंत भरतीचं पाणी येतं त्या वेळी त्यांना पायरीवर खुर्ची टाकून देईन. जे त्यांनी मला दिलं ते पुरतं परत करता येणार नाही. एवढ्या लांबून कोणतीच गोष्ट पुरती परत येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण समुद्र आहे. तो मी त्यांना ऐकवीन.